पुळण कुठे गेली?

वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला की कोकण किनाऱ्यावरच्या गावांतून येणारी पत्रे वाढतात आणि बहुतेकांचा सूर एकच असतो : आमचा किनारा पूर्वीसारखा राहिला नाही. काही ठिकाणी ते खरे आहे. काही ठिकाणी मात्र दरवर्षी होते तेच यंदा पहिल्यांदा नीट पाहिलेले असते. यंदाच्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न : ऑगस्टमध्ये लाटा आमच्या वाडीच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागल्या. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूच्या पट्ट्यावर, वाळू उरली नव्हती, नुसते खडक आणि काळी जड रेती. आता थोडी वाळू परत दिसते आहे. याला धूप म्हणायचे का? गावात दगडी बंधाऱ्याची मागणी सुरू आहे. (गुहागर तालुका)

उत्तर : एका पावसाळ्यावरून सांगता येणार नाही. पावसाळ्यातल्या लाटा आखूड, उभ्या आणि एकामागून एक येणाऱ्या असतात. त्या पुळणीची वाळू ओढून समोरच्या उथळ पाण्यात नेतात आणि तिथे तिचा आडवा दांडा तयार होतो. लाटा मग त्या दांड्यावरच फुटतात, म्हणजे गेलेली वाळूच किनाऱ्याचे रक्षण करत असते. ऑक्टोबरपासून लाटा लांब आणि मंद होतात आणि तीच वाळू हळूहळू वर ढकलतात. फेब्रुवारी-मार्चपर्यंत पुळण भरते. काळी रेती दिसली म्हणून घाबरू नये. ती जड खनिजांची असते, हलकी वाळू निघून गेली की मागे उरते.

आपल्याकडची बहुतेक पुळण दोन भूशिरांच्या मधली, चंद्रकोरीच्या आकाराची आहे. लाटांची दिशा बदलली की वाळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकते. उत्तर टोकाला घर असलेला माणूस 'किनारा गेला' म्हणतो त्याच वर्षी दक्षिण टोकाचा माणूस होडी लांब ओढावी लागते म्हणून कुरकुरतो. दोघेही खरे बोलतात. म्हणून मोजमाप निदान तीन जागी हवे : दोन्ही टोके आणि मध्य.

त्यासाठी यंत्र लागत नाही. दीड-दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या घ्या. वरच्या टोकाला शून्य धरून खाली दर सेंटिमीटरला खूण करा. दोन्ही काठ्यांना 2 मीटरची दोरी बांधा. सुरुवातीची खूण पक्की हवी : विहिरीचा कठडा, देवळाची पायरी. माड किंवा सुरूचे झाड खूण म्हणून धरू नका, पुढच्या वर्षी ते जागेवर असेल याची खात्री नाही. एक काठी खुणेपाशी, दुसरी दोरी ताणून समुद्राच्या बाजूला उभी धरा. मागच्या काठीशी डोळा लावून पुढच्या काठीचे टोक आणि समुद्राचे क्षितिज एका रेषेत आणा. ती रेष मागच्या काठीला टोकापासून जितक्या सेंटिमीटर खाली छेदते, तितका त्या 2 मीटरांत उतार. वाळूचा उंचवटा लागून पुढची काठी वर गेली, तर उलट : मागच्या काठीचे टोक क्षितिजाशी जुळवायचे, आकडा पुढच्या काठीवर वाचायचा आणि त्याला अधिक चिन्ह द्यायचे. वाचून झाले की मागची काठी पुढे. ओहोटीच्या पाण्यापर्यंत असे जात राहायचे. तीन माणसे हवीत, दोन काठ्या धरायला आणि एक लिहायला. चूक होते ती दोन ठिकाणी : काठी तिरकी राहते किंवा मऊ वाळूत रुतते. ओळंबा लावा आणि काठीखाली नारळाच्या करवंटीएवढी फळी ठेवा.

मेअखेरीस एकदा, सप्टेंबरअखेरीस एकदा आणि फेब्रुवारीत एकदा मोजा. मग मेची तुलना मेशीच करा. सप्टेंबरची फेब्रुवारीशी केलीत तर धूप किंवा भर, जे हवे ते सिद्ध करता येते. तीन वर्षे मेच्या मोजणीची उताराची रेघ जमिनीकडे मागे-मागे येत असेल तर ती धूप. उपग्रहाच्या जुन्या चित्रांवरून निष्कर्ष काढणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. पुळणीचा उतार तिसास एक असेल, तर भरतीच्या पाण्यात 1 मीटरचा फरक पडला की ओल्या वाळूची कड 30 मीटर सरकते. दोन चित्रे वेगवेगळ्या वेळेची असली की भरतीलाच धूप समजले जाते.

खरी धूप निघाली, तर वाळू येण्याची वाट कुठे अडली ते आधी शोधा. नद्यांवर धरणे, खाडीत सक्शन पंपाने वाळूउपसा, खाडीच्या मुखाशी जेट्टी किंवा भिंत, यांपैकी काहीतरी सापडतेच. खाडीतून काढलेली वाळू ही पुळणीची पुढची शिदोरी असते.

आता बंधारा. मागे घर किंवा रस्ता अगदी चिकटून असेल आणि दुसरा इलाज नसेल, तरच तो योग्य. उभ्या दगडी भिंतीवर लाट आपटून परत फिरते आणि पायथ्याची वाळू खरवडते, त्यामुळे भिंत वाचते आणि पुळण जाते. भिंत जिथे संपते तिथे शेजारच्या वाडीत खड्डा पडतो, मग शेजारी बंधारा मागतो. तरीही बांधायचाच असेल, तर ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. दगडांखाली गाळणीचा थर (लहान खडी किंवा जिओटेक्स्टाइल कापड) आहे का? तो नसला की फटींतून वाळू शोषली जाते आणि दगड दोन-चार पावसाळ्यांत खाली बसतात. पायथा पावसाळ्यातल्या सर्वात खालच्या वाळूच्या पातळीच्याही खाली नेला आहे का? बहुतेक वेळा मोजणी उन्हाळ्यात, भरलेल्या पुळणीवर होते आणि इथेच गणित चुकते. आणि दोन्ही टोकांचे काय केले आहे?

प्रश्न : भरती-ओहोटीची वेळ पंचांगावरून काढण्याची जुनी रीत कोणती? (श्रीवर्धन तालुका)

उत्तर : तिथीच्या पाऊणपट. चतुर्थीला 4 चे पाऊणपट 3, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचे. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. ही रीत मुंबई-रायगडच्या बाजूला चांगली जुळते. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते आणि खाडीत आत जावे तशी उशिरा. सर्वात मोठे उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी नसून त्यानंतर एक-दोन दिवसांनी असते. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास पाण्याचा चढउतार सर्वात कमी, त्याला भांग म्हणतात. बांधाची खांड, म्हणजे फुटून पडलेले भगदाड, बुजवण्यासारखी कामे भांगावर करायची असतात, आणि त्याचा संबंध पुढच्या पत्राशी आहे.

प्रश्न : खाडीलगतची आमची भातजमीन बांध फुटल्यापासून सात-आठ वर्षे खाऱ्या पाण्याखाली आहे. अर्ध्या भागात तिवर माजले आहेत. पुन्हा भात घेता येईल का? (पेण तालुका)

उत्तर : ज्या अर्ध्यात तिवर आहेत, त्याचा नाद सोडा. तिवर म्हणजे कांदळवनच, आणि ते खाजगी जमिनीत उगवले तरी तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये तोडीला मनाई केली आणि 2018 च्या निकालात कांदळवनाभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यातही बांधकामाला बंदी घातली. बांध घालून आतल्या तिवरांचे पाणी तोडणे हीसुद्धा तोडच धरली जाते. कायदा बाजूला ठेवला तरी, दाट तिवरांखालच्या चिखलात भात येईपर्यंत खर्च आणि वर्षे दोन्ही हाताबाहेर जातात.

मोकळ्या अर्ध्यासाठी आधी खारभूमी खात्याकडे जा : बांध शासकीय खारभूमी योजनेतला आहे की शिलोत्री, म्हणजे मालकांनी मिळून राखायचा, ते पाहा. आपल्याकडे खारजमीन विकास कायदा 1979 पासून आहे. शिलोत्री बांध पडून राहण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. पन्नास वाटेकऱ्यांपैकी तीस मुंबईत असतात, आणि दरवर्षी मे महिन्यात चिखल टाकायला माणसे मिळत नाहीत. गावातला माणूस शहरात गेला, त्याचा माग खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, असा दिसतो.

बांध फुटतो कसा, तेही समजून घ्या. लाटेने क्वचितच. बहुधा खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपू लागते, बोटभर धार होते, दोन उधाणांत हातभर वाट पडते आणि तिसऱ्याला खांड. म्हणून उधाणाच्या भरतीच्या वेळी बांधाच्या आतल्या बाजूने चालत जावे. कोरड्या उतारावर ओला डाग दिसला की तिथे बीळ आहे. तेवढा भाग खणून चिकण चिखलाने थरथराने ठोकून भरायचा, नुसता वरून थापून उपयोग नाही. दुसरी दुखरी जागा उघाडी, म्हणजे बांधातले पाणी बाहेर सोडायचे दार. तिची झडप ओहोटीला आतल्या गोड्या पाण्याने बाहेर उघडते आणि भरतीला खाडीच्या दाबाने मिटते. तिच्या खाचेत एक प्लॅस्टिकची बाटली अडकली तरी झडप बोटभर उघडी राहते आणि प्रत्येक भरतीला खारे पाणी आत येते. शेतकरी मात्र बांधाला दोष देत बसतो.

खांड बुजली की मीठ घालवण्याचे काम पाऊस करतो. कोकणातला 3000 मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस त्याला पुरेसा आहे, पण पाणी शेतात उभे राहून मग उघाडीतून बाहेर गेले पाहिजे. पहिल्या पावसाचे पाणी दोन-तीनदा भरून सोडून द्या. जमीन किती सुधारली ते मोजायला एक भाग माती, दोन भाग पावसाचे पाणी ढवळून, निवळू देऊन ईसी मीटरने (क्षारता मोजायच्या यंत्राने) वाचन घ्या. दरवर्षी त्याच जागेची, त्याच महिन्यातली माती घ्या म्हणजे तुलना होते. मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) क्षारता 3 डेसिसायमन प्रतिमीटरच्या वर गेली की साध्या भाताचे उत्पन्न घटू लागते, आणि 4 च्या वरच्या जमिनीला क्षारयुक्त म्हणतात. ही अर्काची चाचणी प्रयोगशाळेतच होते. घरचे एकास दोनचे वाचन त्यापेक्षा कमी येते, म्हणून त्यावर विसंबून आनंद मानू नये.

बियाण्यासाठी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राकडे जा. पनवेल-1, 2, 3 हे वाण याच जमिनींसाठी काढले आहेत. राता हा जुना तांबडा भातही खारीला टिकतो, उत्पन्न कमी असले तरी. रोपे लावायची तर 28 ते 30 दिवसांची, एका चुडात (एका जागी) चार-पाच, दाट. लहान रोप खारात करपते. काही ठिकाणी मोड आणलेले बी, म्हणजे रहू, फेकतात. त्याला आधी मीठ चांगले धुऊन गेलेले हवे. कापणीनंतर जमीन उघडी तापू देऊ नका. ऊन वाढेल तसे खालचे खारे पाणी मातीतून वर चढते आणि पांढरा थर सोडून उडून जाते. पेंढ्याचे आच्छादन टाकले तरी हा थर बराच कमी बसतो.

तिवरांच्या अर्ध्यासाठी शासनाची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना पाहा. खेकडे, कालवे, शिंपले यांच्या शेतीला गावच्या गटांमार्फत मदत मिळते. राज्याचा कांदळवन कक्ष 2012 पासून आहे.

प्रश्न : किनाऱ्यावरचे सुरूबन दरवर्षी एक-एक ओळ कोसळते. पुन्हा सुरूच लावावा का? (दापोली तालुका)

उत्तर : पुढच्या ओळीत तरी नको. सुरू वारा अडवतो, पण वाळू धरत नाही. त्याची मुळे वाळूत आडवी, उथळ पसरतात. लाटेने खालून कोरले की झाड मुळांच्या ताटासकट आडवे होते आणि जाताना टोपलीभर वाळू उचकटून नेते. शिवाय सुयांचा जाड थर पडल्याने खाली वेल उगवत नाही. वाळू धरण्याचे खरे काम वेलीचे आहे. सुरूचे बन दिसायला सुंदर असते हे मान्य, पण ते इथले नव्हे, आणून लावलेले आहे.

लाटेची पावसाळी रेघ कुठवर येते ते पाहून त्याच्या मागे 10 ते 15 मीटर पट्टा फक्त वेलींसाठी सोडा. मर्यादवेलीचे हातभर लांबीचे, चार पेरांचे तुकडे घ्या, दोन पेरे ओल्या वाळूत दाबा, दोन वर ठेवा, 1 मीटर अंतरावर लावत जा. जूनच्या पहिल्या उधाणात पुढचा पट्टा वाहून जातो, म्हणून लागवड जूनअखेर ते जुलै. रावणाच्या मिशा हे काटेरी गवत वाळू आणखी घट्ट धरते, मात्र पायवाटेजवळ लावू नका, टोचते. त्यामागे केवडा आणि निर्गुडी, मग उंडी, करंज, भेंड. उंडीचे बी कवचासकट पेरले तर रुजायला दोन महिने घेते. कवच फोडून आतला गर काढून पेरला तर तीन आठवड्यांत कोंब येतो.

वाळू साठवायची असेल तर झावळ्यांचे कुंपण करा, गुडघ्याच्या थोडे वर, आणि विणताना निम्मी जागा मोकळी सोडा. पूर्ण बंद कुडाला वारा आपटतो आणि पायथ्याशी खड्डा पाडतो. निम्मा उघडा कूड वाऱ्याचा वेग मोडतो आणि वाळू मागे पडते.

यातले काहीही पुळणीवर गाड्या फिरत असतील तर फुकट. मर्यादवेलीच्या पट्ट्यावरून एका सुट्टीत चार जीप गेल्या की दोन वर्षांची वाढ गेली. किनाऱ्यावर उतरायची एकच वाट ठेवा, बाकी दगड टाकून बंद करा. तुमच्या तालुक्यात कासवेही येतात. ऑलिव्ह रिडले मादी वाळूत सुमारे हातभर खोल खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते, आणि कोसळलेल्या सुरूच्या ओंडक्यांनी वाट अडली तर अंडी न घालताच परत जाते. वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सुरू केलेले घरटी राखण्याचे काम पुढे अनेक गावांनी उचलले. पडलेले ओंडके नोव्हेंबरपूर्वी हलवा, म्हणजे विणीच्या हंगामात किनारा मोकळा राहतो.

प्रश्न : पुळणीमागच्या आगरातली विहीर एप्रिलपासून मचूळ होते. पूर्वी होत नसे. खोल खणावी का? (मालवण तालुका)

उत्तर : खोल अजिबात नको, बोअर तर नकोच. वाळूतले गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते. गोड्याचे वजन लिटरला 1000 ग्रॅम, समुद्राच्या पाण्याचे 1025. या फरकामुळे विहिरीची पातळी समुद्रापेक्षा 1 मीटर वर असली, तर खाली 40 मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. उलट बाजूने पाहा : उपसून पातळी 1 फूट उतरवली, की खालचे खारे कालांतराने 40 फूट वर सरकू पाहते. खणणारा माणूस त्याला भेटायला खाली जातो.

पूर्वी होत नसे, कारण पूर्वी रहाट किंवा लाट (हाताने पाणी उपसायची लांब दांडी) होती, आता पंप आहे. आजूबाजूला खोल्या भाड्याने देणारी घरे झाली असतील, तर त्यांचा उपसाही त्याच पाण्यावर. उपाय सोपा आहे पण कंटाळवाणा : पाच एचपीचा पंप एक तास चालवण्याऐवजी एक एचपीचा पाच तास चालवा. मोठा पंप पायथ्याचे खारे शंकूसारखे वर ओढतो. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळाचे पाण्यातले टोक) तळाशी न ठेवता पाण्याच्या पृष्ठभागाखाली 1 ते दीड मीटरवर टांगा. टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायच्या यंत्राने) दोन वाचने घ्या, पंप सुरू करण्याआधी आणि तासाभराने. दुसरे वाचन वाढत असेल तर उपसा जास्त होतो आहे. पिण्यासाठी लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर 2000 ही शेवटची मर्यादा. माड थोडे मचूळ सोसतो, पोफळ सोसत नाही. पोफळीची टोके करपू लागली की पाणी तपासा, खत टाकत बसू नका.

छपराचे पाणी विहिरीत सोडा असे सर्रास सांगतात. 100 चौरस मीटर छपरावर आपल्याकडे अडीच-तीन लाख लिटर पाणी पडते हे खरे, पण जुलैत वाळू आधीच भरलेली असते आणि वरचे पाणी समुद्रात निघून जाते. जास्त उपयोग होतो तो व्हाळावर (ओढ्यावर) ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घातलेल्या वनराई बंधाऱ्याचा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळू-मातीने तीन चतुर्थांश भरून, विटांसारख्या सांधे मोडून रचायच्या, मध्ये मातीची भर. पाऊस थांबल्यावर अडवलेले पाणी मार्चपर्यंत जमिनीत मुरत राहते, आणि गरज तेव्हाच्याच पाण्याची असते.

प्रश्न : समुद्रापासून सव्वाशे मीटरवर जुने कौलारू घर आहे. पर्यटकांसाठी दोन खोल्या वाढवता येतील का? आणि वरचा सडा (जांभ्याचे कातळी पठार) पडीकच आहे, तिथे बांधले तर? (राजापूर तालुका)

उत्तर : घराचे आधी. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात दोन प्रकार आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2161 हून जास्त वस्ती असलेल्या भागात भरतीरेषेपासून 50 मीटर, त्याहून विरळ भागात 200 मीटर बांधकामबंदी. कोकणातली बहुतेक गावे दुसऱ्या प्रकारात येतात. खाडीकाठी 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी असेल ते. भरतीरेषा म्हणजे तुम्हाला दिसते ती ओली रेघ नव्हे, मंजूर नकाशावरची. बंदीच्या पट्ट्यात अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण जोत्याचे क्षेत्र वाढवता येत नाही. स्थानिक कुटुंबाला त्याच घरात, जोते आणि दर्शनी रूप न बदलता, पाहुणे ठेवता येतात. म्हणजे दोन खोल्या वाढवणे नाही, आहेत त्या देणे. वाळूचे टेकाड किंवा कांदळवन असेल तर अंतर मोजायचीही गरज नाही, तिथे बंदीच.

सडा सातबारावर पडीक असला तरी मोकळा नाही. जांभ्याच्या कातळात पावसाचे पाणी मुरते आणि उताराखालच्या झऱ्यांना, वाडीच्या विहिरींना पुरते. वर खडी दाबून सपाटी केली की दोन-तीन वर्षांत खालचा झरा आधी आटू लागतो, हे सड्याखालच्या वाड्यांनी तपासून पाहावे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच सड्यावर सीतेची आसवे या फुलांची निळी-जांभळी चादर असते, एप्रिलमध्ये पाहणाऱ्याला ती ठाऊक नसते.

आणि तुमचा तालुका कातळशिल्पांचा, म्हणजे सड्याच्या कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांचा. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, रुंढे तळी ही ठिकाणे 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. रेषा बहुधा बोटभर खोल असतात, दुपारच्या उन्हात दिसत नाहीत. जेसीबी लावण्याआधी सकाळी सातच्या किंवा संध्याकाळी साडेपाचच्या तिरप्या उन्हात जमीन चालून पाहा. पालापाचोळा मऊ झाडूने झाडा, तारेचा ब्रश लावू नका. रेषा उठून दिसाव्यात म्हणून चुना किंवा तेलही भरू नका, दोन्ही जांभ्यात शिरतात आणि निघत नाहीत. काही सापडले तर शेजारी काठी ठेवून लांबी कळेल असा फोटो घ्या आणि तहसीलदार व पुरातत्त्व खात्याला कळवा.